साडेआठ गुणांची सूट

ईशान आणि तारा,

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, माझ्या बहिणीला नाही. देवासमोर बसतानाही नाही — त्याला माहीत असणारच, असं धरून मी तो विषय टाळत आले. आता तुम्हाला लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात ईशाननं मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर जरा जास्तच चांगलं दिलं.

आठवतंय ना रे, ईशान? तू हॉस्टेलच्या खोलीतून बोलत होतास. मागे तुझे दोन मित्र फोनमध्ये डोकं खुपसून रग्बीच्या मॅचवरून वाद घालत होते — वजा साडेबारा की अधिक साडेबारा. तू हळूच म्हणालास, "आजी, हे हँडिकॅप प्रकरण मला अजून कळलेलं नाही, आणि आता विचारायची लाज वाटते." मी पाच मिनिटांत समजावलं. तारा घरून त्याच कॉलवर होती, ती ओरडली, "ओ माय गॉड, आजी गँगस्टर आहे!" सगळे हसलो. मग तू विचारलंस, कुठे शिकलीस? मी म्हणाले, आजोबांबरोबर मॅच बघून बघून.

ते खरं होतं. पण सगळं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी कप विसळत उभी राहिले आणि वाटलं — अजून किती वर्षं असं अर्धंच उत्तर देणार आहे मी? पंच्याहत्तर पूर्ण झाली. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली. आता नाही तर कधी?

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. पण इंग्रजीत मी फार नीटनेटकी होते, आणि नीटनेटकं लिहिलं की अपराधसुद्धा इस्त्री केल्यासारखा दिसतो. म्हणून मराठीत. अडेल तिथे आईला वाचायला सांगा. मात्र तिला बजावा — एकही ओळ गाळू नकोस.

तारा, तू त्या दिवशी हसण्यातच होतीस, म्हणून तुला पुन्हा सांगते. एक तगडा संघ आणि एक कच्चा संघ खेळणार असतील, तर कोण जिंकणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मग पैजेत मजा काय? म्हणून कच्च्या संघाला कागदावर काही गुण आधीच देऊन ठेवायचे. समजा, साडेबारा. मैदानावर मॅच नेहमीसारखीच होते, तिथे या गुणांना कुणी विचारत नाही. मॅच संपली की आपल्या कागदावर कच्च्या संघाच्या गुणांत साडेबारा मिळवायचे आणि बघायचं, पुढे कोण. कच्चा संघ बारा गुणांनी हरला, तरी त्याची बाजू घेणारा पैज जिंकतो. तेरा गुणांनी हरला, तर पैजही हरतो. तोच आकडा तगड्या संघाच्या बाजूनं लिहिला की झाला वजा साडेबारा. आणि तो अर्धा कशाला? रग्बीत अर्धा गुण कधीच मिळत नाही, म्हणून. त्यामुळे बरोबरी होऊच शकत नाही. कुणीतरी जिंकतंच, कुणीतरी हरतंच.

आपल्याकडे लहान मुलाला खेळात लिंबूटिंबू म्हणून घेतात ना, तो आऊट झाला तरी आऊट नसतो — तसंच हे, असं मी पहिल्यांदा म्हणाले होते. आजोबांना ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, लिंबूटिंबूला आपण खेळवतो, पण मोजत नाही. हँडिकॅपमध्ये दुबळ्यालाही मोजतात. त्यांना हा खेळ त्यासाठीच आवडायचा.

पण सगळं त्या आकड्यावर उभं असतं. आकडा ठरवणाऱ्यानं त्याला जे जे माहीत आहे ते सगळं त्यात घालायचं असतं. कोण दुखावलंय, कोण नवीन आहे, वारा कसा आहे. काही हातचं राखून आकडा लिहिला, तर तो खेळ राहत नाही.

आता आमच्या घराबद्दल थोडं. आजोबा धातूंवर संशोधन करायला जपानात, कोब्याला आले तेव्हा तुमची आई चार वर्षांची होती. त्यांच्या प्रयोगशाळेत सगळं इंग्रजीत चाले. दाराबाहेर मात्र सगळं जपानीत — शाळेच्या चिठ्ठ्या, गॅसचं बिल, कुठला कचरा कुठल्या वारी खाली न्यायचा त्याचा तक्ता. कुणीतरी शिकायला हवं होतं. मी शिकले. आधी वॉर्ड ऑफिसच्या वर्गात, मग फ्रिजवर चिकटवलेल्या कार्डांवरून, मग तुमच्या आईच्या दुसरीच्या पुस्तकातून. पंधराएक वर्षांनी मला वर्तमानपत्र वाचता यायला लागलं. आजोबांना शेवटपर्यंत स्टेशनांची नावं, आकडे आणि दुकानावरचं 'आज बंद' एवढंच वाचता यायचं. बोलणं म्हणाल तर नमस्कार, आभार, आणि हवा छान आहे.

मग एक रिवाज पडला. रोज सकाळी चहाबरोबर मी जपानी पेपर त्यांना मराठीत वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे. औषधाच्या पुडीवरच्या सूचना, बँकेची पत्रं, लिफ्टजवळ लावलेला कागद — जे जे त्या लिपीत होतं ते माझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचायचं. त्यांनी कधी म्हणून उलट विचारलं नाही की, नक्की असंच लिहिलंय का? ओळखीच्या बायका म्हणायच्या, किती हो तुमच्यावर अवलंबून! मी म्हणायची, काय करणार. आणि मनातून — मनातून मला ते आवडायचं. फार आवडायचं.

रग्बी घरात आली ती हिरानो-सानमुळे. ते आजोबांचे प्रयोगशाळेतले सोबती. तरुणपणी स्वतः खेळलेले, नाक दोनदा मोडलेलं. शिकायला दोन वर्षं इंग्लंडात होते, तिथे हा हँडिकॅपचा प्रकार शिकून आले. प्रयोगशाळेत हरणाऱ्यानं यंत्रातून गरम कॉफीचा डबा आणायचा. आमच्या घरी पैशाची पैज कधीच लागली नाही, हे आधीच सांगते, तुमची आई डोळे वटारायच्या आत. आमची पैज कचऱ्याची. जो हरेल त्यानं मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठच्या आत पिशव्या खाली न्यायच्या.

नियम आजोबांनी केला होता, आणि तो सुंदर होता. वडीचा नियम, असं ते म्हणायचे. एकानं वडी कापायची, दुसऱ्यानं तुकडा निवडायचा. तसंच इथे — मी आकडा लिहायचा, त्यांनी बाजू निवडायची. मी आकडा वाकडा लिहिला तर ते दुसरी बाजू घेऊन मला धडा शिकवणार. म्हणजे फसवायला जागाच नाही. मॅच शनिवारी दुपारी असे. सकाळी न्याहारीच्या वेळी मी कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायची, ते शेजारी बाजू लिहायचे, आणि एकदा शाईत लिहिलं की देव आला तरी बदल नाही.

"अर्ध्या गुणानं हरलो गं, अर्ध्या!" ते ओरडायचे.

"हो. पण पिशवी पूर्ण भरलेली आहे," मी म्हणायची.

पण त्या सुंदर नियमात एक भोक होतं. आजोबांना ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं. ते नेहमी आमच्या शहराचाच संघ निवडायचे. आकडा काही असो. आमचा संघ त्या वर्षांत फारसा बरा नव्हता, टोकियोकडचे संघ त्याला धुऊन काढायचे, पण त्याच्या विरुद्ध बाजू आजोबांनी एकदाही घेतली नाही. ज्या गावाचं मीठ खातो, म्हणायचे. म्हणजे खरं तर मी कसाही आकडा लिहिला असता तरी चाललं असतं. मी लिहिला नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. त्यांना माहीत होतं की मी लिहिणार नाही.

एकदा लिहिला. त्याचंच हे पत्र आहे.

आजोबा सत्तर वर्षांचे झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आला. मिरजेला सुमनआजी होत्या — आजोबांची धाकटी बहीण. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. त्यांनी आमच्यासाठी घरावर दोन खोल्या चढवल्या होत्या. "दादा, खिडकी पश्चिमेला ठेवली आहे, तुला संध्याकाळ आवडते म्हणून," असं त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा आजोबांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांना जायचं होतं. कायमचं. बहिणीजवळ, जिथे रस्त्यावरची प्रत्येक पाटी त्यांना वाचता येईल अशा गावात.

मला जायचं नव्हतं.

मी तेव्हा त्यांना कारणं सांगितली. मी सगळं दोन रकान्यांत लिहिणारी बाई. एका बाजूला कोबे — इथली हॉस्पिटलं, चालायला डोंगर, माझे इंग्रजीचे वर्ग, वॉर्डाचा पोहण्याचा तलाव. दुसऱ्या बाजूला मिरज — सुमन, भाषा, ऊन. आम्ही दोन वर्षं ते रकाने पुढेमागे सरकवले. भांडलो नाही. भांडायला हवं होतं का? दोघेही इतके समंजस की दुसऱ्याला दुःखी केल्याचा दोष कुणालाच नको होता. ते म्हणायचे, तुझी इच्छा नसेल तर राहू. मी म्हणायची, छे, तुमची इच्छा असेल तर जाऊ. आणि तिथेच अडायचं.

शेवटी एका गुरुवारी आजोबा हसत म्हणाले, "अगं, चेंडूलाच ठरवू दे."

मला वाटलं, चेष्टा आहे. पण ते म्हणाले, बघ, कुणावर दोष नाही. शनिवारी टोकियोच्या संघाशी मॅच आहे. तू आकडा लिही, मी बाजू घेतो. मी जिंकलो तर दिवाळीच्या आत मिरज. तू जिंकलीस तर इथेच, आणि पुन्हा विषय नाही. मी हो म्हणाले. वेडेपणा वाटेल तुम्हाला. मला तो वेडेपणा वाटला नाही. त्या माणसाला आपली इच्छा माझ्यावर लादायची नव्हती, त्याची ती पद्धत होती.

शुक्रवार उजाडला. चहा झाला. मी पेपर उघडला. खेळाच्या पानावर, खाली कोपऱ्यात, चौकटीत चार ओळी होत्या. आमच्या संघाचा दहा नंबरचा खेळाडू — जो सगळ्या किका मारतो, ज्याच्या पायावर आमचे निम्मे गुण यायचे — सरावात मांडीचा स्नायू दुखावून बसला होता. शनिवारी खेळणार नव्हता. त्याच्या जागी एक नवा मुलगा, पहिल्यांदाच.

मी ती चौकट वाचली. मनात. आणि मग वरची बातमी मोठ्यानं वाचली, मग शेजारची, मग हवामान. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. मी पान उलटणार, एवढ्यात त्यांनी विचारलं, "आपले सगळे ठीक ना? दहा नंबर?"

मी म्हणाले, "हो, सगळे ठीक."

एवढंच. एवढाच तो गुन्हा. त्याला किती वेळ लागला असेल — दोन सेकंद? त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. उघडायची गरज काय होती? पान त्यांच्या समोरच होतं. चौकट त्यांच्या कपाच्या शेजारी होती, हाताच्या अंतरावर. त्या खेळाडूचा फोटोसुद्धा नव्हता, नुसती अक्षरं. त्यांना ती दिसत होती आणि वाचता येत नव्हती, आणि वाचता येणारी एकटी मी होते.

शनिवारी सकाळी मी आकडा लिहिला. दहा नंबर खेळणार असता तर साडेआठ हा अगदी रास्त आकडा होता — हिरानो-साननीही तोच सांगितला असता. तो खेळणार नाही हे धरलं, तर प्रामाणिक आकडा साडेसोळाचा होता. मला दोन्ही माहीत होते. मी आमच्या संघाला साडेआठ दिले. शाईत. आजोबांनी आकडा बघितला, मान डोलावली. "रास्त आहे," म्हणाले. आणि शेजारी आमच्या संघाचं नाव लिहिलं. देवनागरीत, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात.

दुपारी मॅच सुरू झाली. संघ मैदानात आले, आणि दहा नंबरचा सदरा घालून एक कोवळा, लांब मानेचा मुलगा आला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आता ते म्हणणार — अगं, हे काय?

ते म्हणाले, "अरेरे. सराव करताना आत्ताच काहीतरी झालं असणार बिचाऱ्याला."

तेव्हा बोलता आलं असतं. ही दुसरी वेळ होती, आणि ही पहिल्यापेक्षा सोपी होती. रद्द करू या, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. कारणही सांगावं लागलं नसतं. मी म्हणाले, "असेल."

सूट हवी त्याच्या निम्मीच होती, तरी पैज शेवटपर्यंत अटीतटीची राहिली, हे ऐकून तुला नवल वाटेल, ईशान. आमच्या मुलांनी जीव लावून खेळ केला. दोन ट्राय केल्या, म्हणजे चेंडू दोनदा रेषेपलीकडे नेऊन टेकवला, पाच-पाच गुण; दोन पेनल्टी साधल्या, तीन-तीन — एकूण सोळा. पण दोन्ही ट्रायनंतरच्या किका त्या नव्या मुलानं बाहेर मारल्या, आणि एक पेनल्टी तर खांबांच्या अगदी समोरून. प्रत्येक वेळी आजोबा पुढे सरकून म्हणायचे, "असू दे बाळा, असू दे. पाय थरथरतायत त्याचे." ते त्याला समजावत होते. स्वतःचं घर त्याच्या पायावर लागलं होतं आणि ते त्याला समजावत होते.

शेवटच्या मिनिटापर्यंत चोवीस-सोळा होतं. आठ गुणांनी मागे. साडेआठांची सूट. म्हणजे आजोबा अर्ध्या गुणानं जिंकत होते. त्यांनी हात जोडून गुडघ्यांत धरले होते. चेहरा कसा झाला होता सांगू? तुमची आई लहानपणी सुट्टीत मिरजेला जायच्या आदल्या दिवशी जशी दिसायची, तसा. मग टोकियोच्या संघाला पेनल्टी मिळाली. त्यांनी ती मारली. सत्तावीस-सोळा.

आजोबा मग उठले, कॅलेंडरपाशी गेले, सोळात साडेआठ मिळवून साडेचोवीस लिहिले, समोर सत्तावीस. मग माझ्याकडे वळून हसले आणि म्हणाले, "चल. तलावाचा पास वाढवून घे तुझा."

मी रडले. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठी. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला.

त्या मुलानं एक पेनल्टी साधली असती तरी आजोबा जिंकले असते, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिले — म्हणजे जणू दोष त्या मुलाचा. कुणाच्या माथी मारत होते मी! साडेसोळा लिहिले असते तर त्याच्या तिन्ही किका चुकूनही आजोबा जिंकले असते.

अजून एक सांगायचं आहे. हे मला सगळ्यात जड जातं.

सोमवारी हिरानो-सान संत्री घेऊन आले. ते शनिवारच्या मॅचबद्दल बोलणार हे मला माहीत होतं, आणि इंग्रजीत बोलणार — "दहा नंबर नाही हे शुक्रवारी पेपरात आलं तेव्हाच मी आशा सोडली होती," असं काहीतरी. ते बूट काढत होते. आजोबा माझ्या शेजारीच उभे, पिशवी घ्यायला हात पुढे केलेला. आणि मी, आजोबांच्या देखत, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, हसऱ्या चेहऱ्यानं जपानीत म्हणाले — हिरानो-सान, कृपा करून मॅचचा विषय काढू नका, यांना फार वाईट वाटलं आहे.

हिरानो-साननी मान लववली. आजोबांनी विचारलं, "काय म्हणालीस?"

"संत्री छान दिसतायत म्हणाले."

त्या भाषेनं मी इतकी वर्षं त्यांना जग आणून दिलं होतं. त्या दिवशी मी तिचा पडदा केला. आणि त्या सज्जन माणसालाही, त्याला न कळू देता, माझ्या खोटेपणात सामील करून घेतलं. हिरानो-सान पुन्हा कधीही त्या मॅचबद्दल बोलले नाहीत.

का केलं, हे तुम्ही विचाराल. तलावासाठी? वर्गासाठी? ती कारणं मी रकान्यात लिहिली होती, ती खोटी नव्हती. पण ज्यासाठी खोटं बोलले ते कारण रकान्यात नव्हतं. इथे मी त्यांचे डोळे होते. मिरजेला त्यांना त्यांचे डोळे परत मिळाले असते. ते सकाळी स्वतः पेपर उघडणार, स्वतः बाजारात जाणार, ओळखीचे लोक त्यांना हाका मारणार — आणि मी? मी वरच्या खोलीत, सुमनची वहिनी. त्यांना माझी गरज कमी झालेली मला बघवणार नव्हती. प्रेम होतं ते? होतं. पण प्रेम होतं म्हणून ते बरं ठरत नाही.

आजोबांनी विषय पुन्हा काढला नाही. ठरलंच होतं तसं. दर वर्षी भेटायला जायचं, असं मात्र म्हणाले. मग करोनामुळे विमानं बंद झाली, दोन वर्षांच्या वर. भाऊबीजेला सुमनआजी मिरजेहून फोनच्या पडद्याला ओवाळायच्या. "अगं, निरांजन लांब धर, फोन पेटेल," आजोबा म्हणायचे. "पेटू दे, दादा, नवीन घे मला," त्या म्हणायच्या. पडदा बंद झाला की ते जरा वेळ बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. मी भांडी आवरायची.

विमानं सुरू झाल्यावर एकदाच गेलो, तीन आठवडे. त्यांनी वरच्या खोलीत सकाळी पेपर वाचला — स्वतः, मोठ्यानं, मला. मी डोळे मिटून ऐकलं. त्या तीन आठवड्यांत त्यांनी मला एकदाही काही वाचून दाखवायला सांगितलं नाही, आणि आम्ही दोघं इतके आनंदात कधी नव्हतो. मी ज्याला घाबरले होते ते हे होतं. यात घाबरण्यासारखं काय होतं, सांगा?

परत आल्यावर त्यांचं हृदय दमलं. हॉस्पिटलात डॉक्टर जे बोलायचे ते मी त्यांना सांगायची. तिथे एक शब्दही गाळला नाही, वाईटातला वाईटसुद्धा. एकदा एक तरुण डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, मी तुम्हाला हे थेट समजावून सांगू का? आजोबा म्हणाले, "नको. ही सांगते तेच खरं." मला त्या क्षणी सगळं सांगून टाकायचं होतं. त्यांच्या हाताला नळी लावलेली होती. मी उशी नीट केली.

सांगितलं असतं तर ते हसले असते का? चिडले असते का? मला माहीत नाही. त्यांच्या वतीनं मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, तो हक्क त्यांचा होता आणि तो वापरायची संधी मी त्यांना दिली नाही. तुम्ही मला काही लिहून पाठवावं म्हणूनही हे लिहीत नाही. तुमचे आजोबा ज्या गावी म्हातारे व्हायचे होते तिथे झाले नाहीत. ते त्यांच्या नशिबानं नव्हे. माझ्यामुळे. तुम्हाला ते खरं कळायला हवं, एवढंच.

सुमनआजी अजून मिरजेत आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, तब्येत बरी आहे. दर रविवारी दुपारी त्यांचा मला फोन येतो. वहिनी, तुम्ही होतात म्हणून माझ्या दादाचं परमुलखात निभावलं, असं त्या म्हणतात, आणि मी ऐकून घेते.